प्राचीन इस्राएलातील याजकाचे काम नेमके काय होते? मूळ मजकुरातून पायरीपायरीने अभ्यास करण्यासाठी मार्गदर्शन

प्राचीन इस्राएली धर्मातील याजक म्हटले की बहुतेक वाचकांच्या डोळ्यांसमोर वेदीपाशी पशू कापणारा माणूस उभा राहतो. हिब्रू बायबलचा मजकूर नीट लावून वाचला, तर हे चित्र फार अपुरे आहे असे दिसते. सामान्य माणसाच्या अर्पणात पशू कापण्याचे काम बहुधा तो पशू आणणाऱ्याचेच होते. याजकाचे काम रक्तापासून आणि वेदीवरच्या अग्नीपासून सुरू होत असे. त्याच्या पदाचा गाभा आणखी वेगळ्याच गोष्टीत होता: पवित्र आणि सामान्य, शुद्ध आणि अशुद्ध यांत भेद करणे, आणि तो भेद लोकांना शिकवणे. हे कोणी सांगितले म्हणून मानण्यापेक्षा मजकुरातून स्वतः पडताळणे अधिक मोलाचे आहे, आणि ते अवघडही नाही. मंडळीतील अभ्यासवर्गासाठी वाचणाऱ्याला, धर्माच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला, किंवा केवळ जिज्ञासेपोटी हे ग्रंथ उघडणाऱ्याला ही पडताळणी कोणत्या क्रमाने करता येईल, ते पुढे मांडले आहे.

त्यासाठी मराठी पवित्र शास्त्राची कोणतीही प्रत, एक वही आणि दोन रंगांच्या लेखण्या पुरेशा आहेत. मराठी आवृत्त्यांत अर्पणांची नावे थोडीफार बदलतात. येथे होमबली, अन्नबली, शांत्यर्पण, पापबली आणि दोषबली अशी नावे वापरली आहेत. हिब्रू आवृत्ती किंवा एखादे ज्यू भाष्य सोबत ठेवणार असाल, तर अध्याय-वचनांचे आकडे काही ठिकाणी जुळणार नाहीत हे आधीच लक्षात ठेवावे. उदाहरणार्थ, मराठी बायबलमधील लेवीय ६:१–७ हा भाग हिब्रूत ५:२०–२६ असा येतो.

पायरी पहिली: ओळखीच्या प्रतिमा बाजूला ठेवाव्यात

मराठी वाचकाच्या मनात दोन प्रतिमा आधीपासून घर करून असतात. एक घरी येऊन लग्न, मुंज, वास्तुशांत आणि अंत्यविधी करणाऱ्या पुरोहिताची आणि दुसरी चर्चमधील धर्मगुरूची. या दोहोंपैकी कोणतीही इस्राएली याजकाला नीट लागू पडत नाही. हिब्रू बायबलमध्ये याजकाने लग्न लावल्याचा विधी कोठेही सांगितलेला नाही. सुंता हे त्याचे काम म्हणून नेमलेले नाही. मृत्यूच्या बाबतीत तर नियम अगदी उलटा आहे: लेवीय २१ नुसार सामान्य याजकाने आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ आणि अविवाहित बहीण एवढ्याच मृतांसाठी स्वतःला विटाळू द्यावे, आणि प्रमुख याजकाने तर आईवडिलांच्या मृतदेहाजवळही जाऊ नये. ज्याला आपण अंत्यसंस्काराला बोलावू, त्यालाच तेथून दूर राहण्याची आज्ञा आहे.

हे पद वंशाने येई, आणि ते अहरोनाच्या, म्हणजे मोशेच्या भावाच्या, पुरुष वंशजांपुरते होते. व्यक्तीला आतून हाक आली म्हणून कोणी याजक होत नसे. तशी हाक हा संदेष्ट्यांचा विषय होता. यिर्मया आणि यहेज्केल हे दोघे याजककुळांतले संदेष्टे होते, तरीही त्यांची दोन्ही कामे मजकुरात वेगळी ठेवलेली दिसतात.

ख्रिस्ती वाचकांसाठी आणखी एक सूचना करावीशी वाटते. नव्या करारातील इब्री लोकांस पत्रातील याजकपणाची मांडणी ख्रिस्ती विचारात महत्त्वाची आहे, पण अभ्यासाची सुरुवात तिथून करू नये. ते पत्र लेवीय ग्रंथ माहीत असलेल्या वाचकांना उद्देशून लिहिले आहे. आधी लेवीय वाचले तरच त्याचा युक्तिवाद कळतो.

पायरी दुसरी: वाचनाचा क्रम ठरवावा

उत्पत्तीपासून सरळ वाचत जाणारा वाचक निवासमंडपाच्या, म्हणजे मंदिर होण्यापूर्वीच्या तंबूवजा उपासनास्थानाच्या (यालाच दर्शनमंडपही म्हणतात), मोजमापांपाशी थकतो, असा अनुभव अनेकांना येतो. म्हणून प्रथम लेवीय १ ते १० वाचावे, नंतर लेवीय १३, १४, १६ आणि २१. त्यानंतर वस्त्रे व दीक्षाविधी यांसाठी निर्गम २८ व २९, आणि याजक व लेवी (ज्या वंशातून याजक येत तो सेवेकरी वंश) यांच्या संबंधासाठी गणना ३, ४ आणि १६ ते १८. येथवर नियम झाले. मग नियमांची दुसरी मांडणी म्हणून अनुवाद या नावाच्या ग्रंथाचे १७, १८ आणि ३३ हे अध्याय. कथांसाठी शास्ते १७–१८, पहिल्या शमुवेलातील २, २१ व २२ हे अध्याय आणि दुसऱ्या राजेमधील ११, १२, २२ व २३. शेवटी यहेज्केल ४४, हाग्गय २, मलाखी २ आणि नहेम्या ८.

या क्रमामागचे कारण असे की नियम आधी वाचले तर कथांमध्ये ते कुठे पाळले गेले, कुठे मोडले आणि कुठे ते कोणाला ठाऊकच नव्हते, हे ओळखता येते. फक्त कथा वाचणाऱ्याला याजक हे राजांच्या गोष्टींतील दुय्यम पात्र वाटते.

पायरी तिसरी: लेवीय १ मधील क्रियापदे दोन रकान्यांत लिहावीत

ही या अभ्यासातील सर्वांत फलदायी पायरी आहे. तिला पुरेसा वेळ द्यावा. वहीच्या पानावर दोन रकाने करावेत, एक अर्पण आणणाऱ्याचा आणि दुसरा याजकाचा. मग लेवीय १:३–९ मधील प्रत्येक क्रिया कोण करतो ते पाहून ती त्या रकान्यात लिहावी.

निर्दोष नर दर्शनमंडपाच्या दारापाशी आणणे हे पहिल्या रकान्यात जाते. त्याच्या मस्तकावर हात ठेवणे पहिल्याच रकान्यात. पशू वधणेही तिथेच, आणि बहुतेक वाचक या ठिकाणी थबकतात. रक्त वेदीजवळ आणून तिच्या सभोवती टाकणे मात्र याजकाच्या रकान्यात. कातडे काढणे आणि तुकडे करणे पुन्हा पहिल्या रकान्यात. वेदीवर अग्नी ठेवणे, लाकडे रचणे, तुकडे, डोके आणि चरबी त्यांवर मांडणे ही याजकाची कामे. आतडी व पाय पाण्याने धुणे पहिल्या रकान्यात, आणि सर्वाचा वेदीवर होम करणे दुसऱ्यात.

रकाने भरून झाल्यावर एक रेषा आपोआप दिसू लागते. वेदीला स्पर्श होतो तिथे याजक असतो. वेदीपासून दूरची कामे, ती कितीही रक्तरंजित असली तरी, सामान्य इस्राएली माणसाची आहेत. या रेषेला अपवाद आहे का, ते लगेच पुढे १:१४–१७ मध्ये पाहावे. तिथे होला किंवा पारव्याचे पिल्लू अर्पण करायचे असते तेव्हा याजकच त्याची मान मुरगळतो. कारण मजकूर सांगत नाही. पण इतक्या लहान पक्ष्याचे रक्त भांड्यात धरून नेता येत नाही, ते थेट वेदीच्या बाजूवर निचरायचे असते, आणि तिथे इतरांनी जायचे नसते, हे ध्यानात घेतले तर हा अपवादही त्याच रेषेला धरून आहे असे मला वाटते.

हाच प्रयोग नंतरच्या ग्रंथांवर करावा. यहेज्केल ४४:११ मध्ये लोकांसाठी पशू वधण्याचे काम लेव्यांकडे सोपवले आहे. दुसऱ्या इतिहासातील २९:३४ मध्ये हिज्कीया राजाच्या काळात कातडी काढायला याजक कमी पडले म्हणून लेवी मदतीला आले असे लिहिले आहे, म्हणजे या वर्णनात ते काम सामान्य माणसाच्या रकान्यातून निघून मंदिराच्या सेवकांकडे गेलेले आहे. एकाच क्रियापदाचा कर्ता बदलला, की संस्थेत काहीतरी बदलले आहे असे समजावे.

पायरी चौथी: रक्त कुठपर्यंत जाते आणि मांस कोणाला मिळते

आता लेवीय ४ उघडावा आणि पापबलीचे रक्त कोठे लावले जाते ते टिपावे. अभिषिक्त याजकाचे किंवा सर्व मंडळीचे पाप असेल तर बैलाचे रक्त मंडपाच्या आत नेऊन पडद्यासमोर सात वेळा शिंपडायचे आणि धूपवेदीच्या शिंगांना, म्हणजे कोपऱ्यांवरच्या उंचवट्यांना, लावायचे. सरदाराचे पाप असेल तर बकरा, आणि सामान्य माणसाचे असेल तर बकरी किंवा मेंढी. या दोन्ही वेळी रक्त बाहेरच्या होमवेदीच्या शिंगांनाच लागते. प्रायश्चित्ताच्या दिवशी, सातव्या महिन्याच्या दहाव्या तारखेला, ते परमपवित्रस्थानापर्यंत, म्हणजे सर्वांत आतल्या खोलीपर्यंत, जाते, आणि तिथे फक्त प्रमुख याजक जातो. पदाची जबाबदारी जितकी मोठी, तितके त्याच्या पापाचे परिणाम आत खोलवर पोचतात, हा विचार येथे कोणतेही तत्त्वज्ञान न सांगता केवळ कृतीतून मांडला आहे. याजकाचे पाप सरदाराच्या पापापेक्षा जड धरले आहे, हे विशेष लक्षात घ्यावे.

गरिबांची सोयही येथेच आहे. ज्याला मेंढी परवडत नाही त्याने दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्ले आणावीत, आणि तेही जमत नसेल तर एफाचा दहावा हिस्सा, म्हणजे ढोबळमानाने दोन लीटरच्या आसपास सपीठ आणावे (लेवीय ५:७–१३). पापबली रक्ताशिवायही स्वीकारला जातो याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

मांसाच्या वाटणीसाठी लेवीय ६ व ७ वाचावे. होमबली सगळा जळतो, त्याचे कातडे याजकाला मिळते. अन्नबलीची मूठभर वेदीवर जाते, उरलेले अहरोनाच्या वंशातील पुरुषांनी पवित्र जागी खमिराशिवाय खायचे. शांत्यर्पणाची चरबी, गुरदे आणि काळजावरचा पडदा जाळतात, ऊर आणि उजवी मांडी याजकाकडे जाते आणि बाकीचे अर्पण करणारा आपल्या माणसांसह खातो. पापबलीचे मांस याजक खातो. पण ज्याचे रक्त मंडपात नेले तो बली खायचा नाही, पूर्ण जाळायचा. म्हणजे स्वतःच्या पापासाठी आणलेल्या बलीतून याजकाला काही मिळत नाही.

ही वाटणी हा त्यांच्या उपजीविकेचा प्रश्न होता. गणना १८:२० नुसार अहरोनाला देशात जमिनीचे वतन नव्हते. म्हणून प्रथमउपज, प्रथमजन्मलेल्यांची पाच शेकेल खंडणी आणि लेव्यांना मिळालेल्या दशमांशाचा दशमांश हे सारे त्यांच्या वाट्याला नेमून दिले आहे. आता अनुवाद १८:३ शेजारी ठेवावे: तिथे याजकाचा वाटा फरा, गालफडे आणि कोथळा असा सांगितला आहे. दोन ग्रंथांत दोन वेगळ्या याद्या आहेत. ज्यू परंपरेने त्यांचा मेळ घातला. आधुनिक अभ्यासक त्यांना वेगवेगळ्या काळांतील किंवा गटांतील नियम मानतात. नवख्या वाचकाने मेळ घालण्याची घाई करू नये. दोन्ही याद्या वहीत जशाच्या तशा उतरवाव्यात.

पायरी पाचवी: भेद करणारा याजक ओळखावा

लेवीय १० मध्ये अहरोनाचे पुत्र नादाब आणि अबीहू आज्ञा नसलेला अग्नी घेऊन परमेश्वरासमोर जातात आणि मरण पावतात. या प्रसंगानंतर अहरोनाला थेट सांगितलेले शब्द म्हणजे या सगळ्या अभ्यासाची किल्ली आहे. मंडपात येताना मद्य पिऊ नये, कारण पवित्र आणि सामान्य, शुद्ध आणि अशुद्ध यांत भेद करायचा आहे, आणि परमेश्वराने मोशेद्वारे सांगितलेले सर्व विधी इस्राएल लोकांना शिकवायचे आहेत (१०:९–११). येथे बलिदानाचा उल्लेखही नाही. अनुवाद ३३:८–१० मधील लेवी वंशाच्या आशीर्वादातही क्रम असाच आहे: आधी थुम्मीम व उरीम (देवाचा कौल घेण्याची साधने), मग लोकांना न्याय व नियम शिकवणे, आणि नंतर धूप व होम.

हे काम प्रत्यक्षात कसे चाले, ते लेवीय १३ व १४ मध्ये पाहावे. मराठी बायबलमध्ये येथे महारोग हा शब्द येतो, पण आजच्या वैद्यकातील कुष्ठरोगापुरता तो मर्यादित नाही, कारण तोच चट्टा कापडावर, चामड्यावर आणि घराच्या भिंतीवरही पडतो. याजक चट्टा तपासतो. त्यातील केस पांढरे झाले असतील आणि तो कातडीहून खोल दिसत असेल तर माणूस अशुद्ध. केस पांढरे नसतील आणि चट्टा खोल दिसत नसेल तर सात दिवस वेगळे ठेवायचे, पुन्हा पाहायचे, गरज पडल्यास आणखी सात दिवस थांबायचे. सर्व शरीर पांढरे पडले असेल तर मात्र तो शुद्ध ठरतो (१३:१३), हे वाचून आश्चर्य वाटते. या दोन अध्यायांत याजक औषध देत नाही, लेप लावत नाही, बरे व्हावे म्हणून मंत्र म्हणत नाही. त्याच्या हाती निर्णय आहे आणि त्या निर्णयाने माणूस वस्तीत राहतो किंवा बाहेर जातो.

१४:३६ मधील बारकावा मला विशेष मोलाचा वाटतो. घराच्या भिंतीवर चट्टा दिसला आणि याजकाला बोलावले, तर तो येण्यापूर्वी घर रिकामे करावे असा त्याचाच हुकूम असतो, म्हणजे घरातील सामान अशुद्ध ठरत नाही. त्याने पाहून जाहीर करेपर्यंत वस्तू अशुद्ध नसते. त्याच्या शब्दाने स्थिती बदलते. आणि हा शब्द उच्चारताना गरीब घरातील भांडीकुंडी वाचावीत याची काळजी नियमानेच घेतली आहे.

बरा झालेला माणूस परत कसा येतो, ते १४:१–२० मध्ये सावकाश वाचावे. याजक स्वतः छावणीबाहेर त्याच्याकडे जातो. दोन जिवंत शुद्ध पक्षी, गंधसरूचे लाकूड, किरमिजी सूत आणि एजोब नावाची वनस्पती घेतात. एक पक्षी वाहत्या पाण्यावर मातीच्या भांड्यात मारतात, दुसरा त्या रक्तात बुडवून उघड्या रानात सोडून देतात. आठव्या दिवशी दोषबलीचे रक्त त्या माणसाच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावतात. आता लेवीय ८:२३–२४ शेजारी उघडावे. अहरोन आणि त्याच्या पुत्रांच्या याजकदीक्षेत रक्त याच तीन ठिकाणी लावले आहे. समाजातून बाहेर पडलेल्या माणसाला परत घेताना जी खूण केली जाते, तीच वेदीपाशी उभे राहणाऱ्याला नेमताना केली जाते. मला या ग्रंथातील हा सर्वांत करुणेचा धागा वाटतो, आणि दोन अध्याय शेजारी ठेवल्याखेरीज तो हाती लागत नाही.

पुढील काळातही लोक याजकाकडे असा निर्णय मागायला येत. इ.स.पू. ५२० मध्ये हाग्गय संदेष्टा याजकांना विचारतो: कोणी पवित्र मांस वस्त्राच्या पदरात नेले आणि तो पदर भाकरीला लागला, तर भाकर पवित्र होईल का? याजक उत्तरतात, नाही. प्रेताने अशुद्ध झालेला माणूस तिला शिवला तर? ती अशुद्ध होईल (२:११–१३). संदेष्ट्यांची याजकांवरील टीकाही येथूनच कळते. यहेज्केल २२:२६ चा आरोप असा की त्यांनी पवित्र आणि सामान्य यांत भेद केला नाही. मलाखी २:७ सांगतो की याजकाच्या ओठांनी ज्ञान राखावे. बली चुकवले हा आरोप या ठिकाणी मुख्य नाही, शिकवणे चुकवले हा आहे.

पायरी सहावी: प्रश्न विचारण्याची साधने

जुन्या कथांत याजकाचे आणखी एक काम दिसते, ते म्हणजे देवाचा कौल घेणे. निर्गम २८ नुसार प्रमुख याजकाच्या ऊरपटात बारा रत्नांमागे उरीम आणि थुम्मीम ठेवलेले असत. त्यांचे स्वरूप मजकूर सांगत नाही. पहिल्या शमुवेलातील २३:९–१२ मध्ये शौल राजापासून पळणारा दावीद अब्याथार याजकाला एफोद (कौल घेण्यासाठी वापरायचे याजकाचे वस्त्र) आणायला सांगतो आणि दोन प्रश्न विचारतो, शौल येथे येईल का, आणि गावकरी मला त्याच्या हाती देतील का. दोन्हींची उत्तरे होकारार्थी मिळतात. पण एज्रा २:६३ मध्ये, बाबेलहून परतलेल्या काही कुळांचा याजकपणा सिद्ध होईना तेव्हा, उरीम व थुम्मीम असलेला याजक उभा राहीपर्यंत थांबावे असे अधिकारी सांगतो. तोवर ही साधने वापरात उरली नव्हती असेच यावरून दिसते.

पायरी सातवी: याजक आणि लेवी यांना एकाच पिशवीत टाकू नये

गणना ३ व ४ नुसार सर्व लेवी याजक नव्हेत. लेवीच्या वंशातील एक शाखा, अहरोनाची, तेवढी वेदीपाशी जाते. कहाथी, गेर्षोनी आणि मरारी या घराण्यांकडे अनुक्रमे पवित्र पात्रे, पडदे आणि फळ्या-खांब वाहून नेण्याचे काम आहे. पात्रे अहरोनाच्या पुत्रांनी झाकल्याखेरीज कहाथींनी त्यांना हात लावू नये, अन्यथा मरण, असा नियम आहे. गणना १६ मधील कोरहाचे बंड याच सीमेवरून झाले. कोरह स्वतः कहाथी होता, आणि त्याला धूप जाळण्याचा याजकांचा अधिकार हवा होता.

अनुवाद १८ मध्ये मात्र लेवी याजक, लेवीचा सर्व वंश असे शब्द येतात आणि कोणत्याही गावचा लेवी मध्यवर्ती स्थानी येऊन सेवा करू शकतो, असे सांगितले आहे. यहेज्केल ४४ त्याच्या उलट: फक्त सादोकाच्या, म्हणजे शलमोनाने नेमलेल्या याजकाच्या, वंशजांनी वेदीपाशी यावे, बाकीच्या लेव्यांनी दारांवर पहारा व सेवा करावी. सेवेच्या वयाबाबतही गणना ४ तीस वर्षे, गणना ८ पंचवीस आणि पहिला इतिहास २३ वीस वर्षे सांगतो. या विसंगतींवरूनच १९व्या शतकात जर्मन अभ्यासक युलियस वेलहाउझन यांनी असा सिद्धांत मांडला की लेवीय व गणना यांतील याजकी नियम अनुवाद ग्रंथानंतरचे आहेत. ज्यू अभ्यासक यहेज्केल कौफमान यांनी नंतर तो क्रम जोरदारपणे नाकारला. हा वाद आजही मिटलेला नाही. वाचकाने एका बाजूला जाण्यापूर्वी हे उतारे स्वतः शेजारी ठेवून वाचावेत, एवढाच आग्रह आहे.

पायरी आठवी: कथांमधून कालक्रम लावावा

शास्ते १७ मध्ये एफ्राइमच्या डोंगरातील मीखा प्रथम आपल्या मुलालाच याजक करतो. मग बेथलेहेमाहून आलेला एक तरुण लेवी भेटतो तेव्हा वर्षाला दहा शेकेल चांदी, वस्त्रे आणि अन्न एवढ्यावर त्याला ठेवून घेतो. लेवी मिळाला म्हणजे देव माझे भले करील, असे तो म्हणतो. लेवी असणे इष्ट होते, पण अनिवार्य नव्हते, हे यावरून कळते. दुसरा शमुवेल ८:१८ तर दाविदाचे पुत्र याजक होते असे सांगतो. तोच प्रसंग पहिला इतिहास १८:१७ मध्ये येतो तेव्हा ते राजाजवळचे मुख्य अधिकारी होतात. नंतरच्या लेखकाला दाविदाच्या, म्हणजे लेवी नसलेल्या यहूदा वंशातील याजक ही कल्पना सोसली नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा शोधूनही मिळणार नाही. काही आवृत्त्यांत पहिल्या ठिकाणीही शब्द सौम्य केलेला असतो. म्हणून दोनतीन आवृत्त्या ताडून पाहाव्यात.

राजांच्या काळात याजक हे राजदरबाराशी बांधलेले पद झाले. शलमोनाने अब्याथाराला अनाथोथला घालवून सादोकाला नेमले. यहोयादा याजकाने राणी अथल्येविरुद्ध बंड घडवून बाल योवाशाला गादीवर बसवले. पुढे त्याच योवाशाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत याजकांनी मंदिराची दुरुस्ती केलीच नव्हती, म्हणून झाकणाला भोक पाडलेली पेटी वेदीपाशी ठेवून राजाचा लेखक आणि प्रमुख याजक मिळून पैसे मोजू लागले (दुसरा राजे १२). धर्मसंस्थेच्या हिशेबावर बाहेरची देखरेख बसवण्याची ही नोंद आजही मनापासून वाचण्यासारखी आहे.

इ.स.पू. ६२२ च्या सुमारास योशीया राजाने गावोगावची उच्चस्थाने, म्हणजे यरुशलेमबाहेरची पूजास्थाने, मोडली. तेथील याजक यरुशलेमच्या वेदीवर चढले नाहीत, फक्त आपल्या भाऊबंदांत बेखमीर भाकर खात राहिले (दुसरा राजे २३:९). अनुवाद १८ मधील हक्क प्रत्यक्षात त्यांना मिळाला नाही. इ.स.पू. ५८६ मध्ये मंदिर पडले आणि प्रमुख याजक सराया याला रिब्ला येथे ठार मारण्यात आले. इ.स.पू. ५१५ मध्ये दुसरे मंदिर पूर्ण झाले. राजा उरला नसल्याने प्रमुख याजकाचे वजन वाढत गेले, आणि इ.स.पू. १५२ मध्ये हास्मोनी या ज्यू घराण्यातील योनाथान या सेनानीनेच ते पद घेतले. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडल्यावर वेदीवरची सेवा थांबली. म्हणूनच पुण्याचे लाल देऊळ (तेही सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आहे) किंवा मुंबईच्या मांडवीतील १७९६ चे सिनेगॉग पाहून या याजकाची कल्पना करू नये. सिनेगॉगात बलिवेदी नसते आणि तेथील उपासना याजकावाचून चालते.

पायरी नववी: जमिनीतून निघालेला पुरावा जोडावा

१९७९ मध्ये गॅब्रिएल बार्काय यांना यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोम येथील थडग्यांत चांदीच्या दोन लहान गुंडाळ्या मिळाल्या. त्यांवर गणना ६:२४–२६ मधील याजकी आशीर्वादाशी जुळणारे शब्द कोरलेले असून त्या बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स.पू. ६०० च्या आसपासच्या आहेत. याजकाने उच्चारायचे शब्द लोक अंगावर बाळगत होते.

नेगेवमधील अराद येथील किल्ल्यात १९६०च्या दशकात योहानान अहारोनी यांनी एक छोटे यहूदी मंदिर उघडे केले. आतल्या खोलीच्या दाराशी दोन धूपवेद्या होत्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तपासणीत एकीवर ऊद आणि दुसरीवर गांजाचे अवशेष आढळले. तेथील खापरांवर मरेमोथ आणि पशहूर ही, बायबलमध्ये याजककुळांत येणारी नावे आहेत. इजिप्तमधील एलिफंटाइन बेटावरही यहूदी मंदिर होते. ते इ.स.पू. ४१० मध्ये पाडले गेल्यावर तेथील याजकांनी इ.स.पू. ४०७ मध्ये यहूदाच्या राज्यपालाला अर्ज लिहिला, आणि आधी यरुशलेमच्या प्रमुख याजकाला लिहिले होते पण उत्तर आले नाही, असे त्यात नमूद केले. एकच मंदिर हा नियम सर्वत्र पाळला जात नव्हता, हे या दोन ठिकाणांवरून स्पष्ट होते.

पायरी दहावी: एक उतारा स्वतः सोडवावा

आता पहिला शमुवेल २:१२–१७ घ्यावा. शिलो येथे एलीचे पुत्र हफनी आणि फिनहास याजक आहेत. कोणी यज्ञ केला आणि मांस शिजू लागले की याजकाचा चाकर तीन दातांचा काटा घेऊन येतो आणि हंड्यात खुपसून जे वर येईल ते नेतो. पुढे तर चरबी जाळण्यापूर्वीच तो कच्चे मांस मागतो.

प्रथम दोन रकाने करावेत: मारणारा आणि शिजवणारा यज्ञ करणारा माणूस आहे, याजक नाही, हे लेवीय १ शी जुळते. मग वाटा पाहावा: लेवीयमधील ऊर-मांडी किंवा अनुवादातील फरा-गालफडे येथे नाहीत, काट्याला लागेल ते घेण्याची स्थानिक रीत आहे, किंवा मजकूर तिलाच अपराध मानतो. दोन्ही अर्थ शक्य आहेत, आणि अभ्यासक येथे विभागलेले आहेत. चरबीचा नियम मात्र निःसंदिग्ध आहे, ती आधी देवाची.

शेवटी हा नियम कोणाच्या तोंडी येतो ते पाहावे. आधी चरबी जाळू द्या, मग हवे तितके घ्या, असे यज्ञ करणारा सामान्य माणूस याजकाच्या चाकराला बजावतो. लेवीय १:२ मधील आज्ञा याजकांना नव्हे तर इस्राएल लोकांना सांग अशी सुरू होते, हे येथे आठवावे. विधीचे ज्ञान फक्त याजकापाशी कोंडलेले नव्हते. ते त्याने शिकवायचे होते, आणि शिकलेला माणूस वेदीपाशी उभा राहून याजकालाच चूक दाखवू शकत होता. चाकराने त्यावर जोरजबरदस्तीची धमकी दिली, आणि मजकूर त्याच वाक्यानंतर त्या तरुणांचे पाप फार मोठे होते असे सांगतो.